बांधापलीकडची रोपं

आमच्या बेला गावात भाजीपाला लावणारी एक बाई आहे. ती कधी विनंती करत नाही, सरळ कामाला लावते. शेजारच्या वावरातल्या धाकट्या दिराशी बांधावरून भांडण झाल्यापासून तिनं बोलणं टाकलं होतं.

यंदा थंडी सरली म्हणून आम्ही गोधड्या धुऊन ठेवल्या, आणि मोबाईलवर इशारा आला: पहाटे पारा उतरेल, दव गोठेल. दुपारीच ती माझ्या दारात उभी.

"बाई, जुनी लुगडी काढा. टमाटे झाकाचे हायेत."

मीही तिच्यासोबत गेले. तिचे टमाटे झाकून झाले, तशी ती बांध ओलांडून दिराच्या कोवळ्या रोपांकडे निघाली. दीर तामसीला सोयऱ्यांकडे गेला होता.

"त्याची काऊन झाकून राह्यली?" मी विचारलं.

"तो गावात नाही ना. धरा तिकडून."

कापड पुरेना, तेव्हा तिनं स्वतःच्या दोन ओळी उघड्या केल्या. मी अडवलं, तिनं ऐकलं नाही.

सकाळी त्या दोन ओळी काळ्या पडल्या होत्या. परतलेला दीर आपल्या रोपांवरची लुगडी गोळा करून बांधावर घेऊन आला.

"वैनी," तो म्हणाला, "माही रोपं लावता का त्या दोन ओळींत?"

"मंग आण ना," ती खुरपं उचलत म्हणाली, "ऊन चढाच्या आत."