स्वच्छ मुळांचं झाड

काचघरातल्या त्या बाईंना सगळे गाठवाल्या बाई म्हणत. चवळीचं रोप उपटायचं, मुळं बादलीत हलक्या हातानं धुवायची आणि सूत्रकृमींनी, म्हणजे मातीतल्या बारीक किडीनं, केलेल्या गाठी मोजायच्या, हे काम त्या अठरा वर्षं करत होत्या. नवख्याला सगळ्याच गाठी सारख्या दिसतात. बाई नखानं टोकरून दाखवायच्या : सुटून आली ती झाडाच्या फायद्याची, मूळच फुगलेलं असेल तर ती किडीची. "आमची लग्नगाठ कुठल्या जातीची, तेही बघा एकदा," माळी म्हणायचा. बाई हसायच्या. त्यांची कुणाशी बांधलीच गेली नव्हती. घरी गेल्यावर बोलणार कुणाशी, दाराच्या कुलपाशी?

त्या वर्षी एकशे बारा वाणांत एकच झाड असं निघालं, की मुळांवर किडीची एकही गाठ नाही. नमस्कारालाही काटकसर करणारे साहेब चक्क टेबलावर थाप मारून म्हणाले, "बाई, किडीला दाद न देणारं झाड सापडलं. हंगाम जायच्या आत संकराला घेऊ. शोधनिबंधात तुमचंही नाव टाकतो."

आनंदानं बाईंना जेवण जाईना. आणि तिथंच मनात पाल चुकचुकली. वाणांची परीक्षा घ्यायला कुंड्यांत मुद्दाम किडीचं पाणी घालतात, त्या दिवशी निम्मी रांग झाली असताना धाकट्या बहिणीचा फोन आला होता. वर्षात एखादा यायचा. बाई दाराबाहेर उभं राहून आठ मिनिटं बोलल्या, खुशीत परतल्या आणि पुढचं काम सुरू केलं. कुठल्या कुंडीपासून, ते काही केल्या आठवेना. हे झाड नेमकं तिथलंच. कीडच घातली नसेल, तर मुळं स्वच्छ राहण्यात झाडाचा कसला पराक्रम?

गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. दोन दिवस बसल्याही. तिसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेबांचं तोंड उतरलं, पण ते रागावले नाहीत. त्या वाणाचं उरलेलं बी पेरलं. बाईंनी या खेपेला फोन कपाटात ठेवून कीड घातली.

पंचेचाळीस दिवसांनी रोप उपटलं, तर मुळं गाठींनी गच्च. बाईंनी स्वतःच मोजल्या, एकशे चाळीसवर थांबल्या. शंभरावर गाठी म्हणजे पाच, तक्त्यातला सगळ्यात वाईट आकडा; तो लिहिला. त्यांना फार एकटं वाटलं. संध्याकाळी त्यांनी आपणहून बहिणीला फोन लावला.

"तुझा फोन आला होता ना गं मागे, पडद्यांचा रंग विचारायला? त्या दिवशी काय झालं, माहितेय..."

"मी केला होता? मला नाही आठवत, ताई," बहीण म्हणाली. "बरं, ठेवू का? दूध ठेवलंय गॅसवर."

"ठेव," बाई म्हणाल्या. त्यांना त्या आठ मिनिटांतला शब्द न् शब्द पाठ होता.