बोटीचं बारसं

मी शिकलो तो आत्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आई घर सांभाळायची, आणि अभ्यास घेणं दोघांच्याही आवाक्यातलं नव्हतं. आत्या सातवीपर्यंत शिकली होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती आमच्याकडे परत आली ती कायमची. माझा धडा ती माझ्याकडूनच ऐकायची. “मला कळेल असं सांग,” म्हणायची, आणि तिला कळेपर्यंत पान उलटू द्यायची नाही. कप्पीने वजन हलकं कसं होतं, वाफ आगगाडीचे डबे कशी ओढते, भरती का येते. तालुक्याच्या शाळेतून निघून मी मिशिगनमध्ये, नोव्हायला, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर झालो, तो तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता.

गेल्या वर्षी मी शिडाची एक जुनी बोट घेतली. ऑफिसातला एक सहकारी उन्हाळ्यात संध्याकाळी मला त्याच्या बोटीवर दोऱ्या ओढायला घेऊन जायचा. तो रिटायर होऊन फ्लोरिडाला निघाला आणि बोट मला विकून गेला. आत दोघांना झोपता येतं आणि चहापुरती शेगडी आहे, म्हणून कागदोपत्री तिला याट म्हणता येतं. बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं, “याट म्हणू नकोस, बोट म्हण. मंडळात कळलं तर गणपतीची अर्धी वर्गणी आपल्याकडेच मागतील.” पण गावी आत्याजवळ राहणाऱ्या माझ्या भावाने तोवर सगळीकडे सांगून टाकलं होतं.

विकताना सहकाऱ्याने एक अट घातली. मागच्या बाजूला लिहिलेलं नाव तो खरवडून काढणार होता. बोट तुझी, नाव माझं, असं त्याचं म्हणणं. मी कारण विचारलं, तर खांदे उडवून म्हणाला की इतकी वर्षं ते नाव तोंडात बसलंय. शिवाय नाव बदलण्याची रीतही त्याने समजावली. जुनं नाव सगळीकडून पुसायचं, किल्लीच्या बिल्ल्यावरूनसुद्धा, मग पाण्यात थोडी शॅम्पेन ओतून नवं नाव मोठ्याने सांगायचं. नाहीतर पाणी रागावतं म्हणे. देव न मानणारा, हिशेबी माणूस, पण हे सांगताना जराही हसला नाही. मला मोठी गंमत वाटली. बोटीला बारसं लागतं हे मला माहीत नव्हतं.

नावं सुचवायला सगळे पुढे. मंडळातल्या एका काकांनी मराठा आरमारातल्या गलबतांची यादीच ऐकवली. बायकोला नदीचं नाव हवं होतं. मुलीचं मत विचारलं तर म्हणाली, “डॅड, इट्स अ बोट, नॉट अ बेबी.” मी आत्याचं नाव द्यायचं ठरवलं आणि शनिवारी सकाळी तिला व्हिडिओ कॉल करून सांगितलं.

ती म्हणाली, “म्हणजे माझ्या नावावर पाय देऊन चढणार तुम्ही?”

नाव मागच्या बाजूला असतं, तिथे पाय लागत नाही, असं मी समजावत होतो, पण तिचं लक्ष एव्हाना बोटीकडे गेलं होतं. बोट राहायला आहे का? नाही. सामान वाहायला? नाही. मग जाता कुठे? तळ्यात फिरून परत तिथेच येतो. हिवाळ्यात? हिवाळ्यात क्रेनने बाहेर काढून पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो. आणि वसंतात? वसंतात खाली उताणा पडून तिचं पोट घासतो आणि रंगवतो.

“म्हणजे म्हैस पाळल्यासारखंच की,” आत्या म्हणाली. “फक्त दूध नाही.”

मी हसलो, पण ती खरंच समजून घेत होती. मग मीही विचारात पडलो. घर राहायला असतं, गाडी ऑफिसला न्यायला. ही एकच वस्तू अशी की ती माझी का आहे याचं उत्तर मला देता येईना.

मी म्हटलं, तुझं नाव नको तर नको, पण नाव तूच ठेव. नाव आत्यानेच ठेवायचं असतं.

तिचा चेहरा एकदम उतरला. “ते सवाष्णीचं काम,” म्हणाली, आणि फोन माझ्या भावाच्या हातात दिला.

त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. नोकरी लागल्यावर आईने एकदा सांगितलं होतं. माझ्या बारशाला सख्खी आत्या घरात असताना पाळण्याशी वडिलांची लांबची चुलत बहीण उभी राहिली आणि तिनेच माझ्या कानात नाव सांगितलं. आत्या आत पाहुण्यांसाठी घुगऱ्या करत होती. कोणी तिला ‘येऊ नकोस’ म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलंच नाही. हे घडलं तेव्हा ती माझ्या मुलीच्या आताच्या वयाहून फार मोठी नव्हती.

मी तिला पुन्हा विचारलं नाही. बोट पाण्यात उतरली, पाटी कोरी. शेजारच्या बोटीवरचा माणूस येता-जाता “अजून नाव नाही?” विचारायचा आणि पाण्याकडे काळजीने बघायचा. बायको म्हणाली, “अरे यार, नदीचं तर नदीचं, एकदाचं लिहून टाक.” मी थांबलो. आत्या नाहीच म्हणाली तर बोट तशीच राहू द्यायची, असं मनाशी ठरवलं होतं.

जूनमध्ये तिने स्वतःहून फोन लावला. आधी तिला त्या फ्लोरिडाच्या माणसाबद्दल विचारायचं होतं. बोट नाही तर नावाचं तो आता काय करतो? मी म्हटलं, माहीत नाही. कदाचित नुसतं ठेवत असेल.

“नाव ठरलं का तुमचं?”

“नाही.”

“मग सांगेन मी. पण आधी सांगणार नाही. त्या वेळीच सांगेन.”

रविवारी सकाळी बारसं झालं. बायकोने बोटीला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले, शेजाऱ्याने शॅम्पेन आणली. मी आत्याला व्हिडिओ कॉल केला आणि धक्क्यावर गुडघे टेकून फोन बोटीच्या अंगाला लावला. आत्या काहीतरी बोलली. वाऱ्यात कोणालाच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, आत्या, परत सांग. ती म्हणाली, “जिच्या कानात सांगायचं तिला सांगितलं.” मग, सगळे वाट बघत उभे आहेत हे पाहून, स्पष्ट म्हणाली, “दुपार.”

त्या आठवड्यात मी तिला पत्र लिहिलं.

*ती. आत्यास सा. न.*

*नाव लिहून झालं. निळ्या अक्षरांत, वर मराठी आणि खाली इंग्रजी. शेजारी ‘डुपार’ म्हणतो. त्याने अर्थ विचारला, मी म्हटलं जेवणानंतरचा वेळ. तो म्हणाला, बोटीला याहून चांगलं नाव नाही.*

*हे नाव का ठेवलंस ते तू सांगितलं नाहीस, पण काल थोडं कळलं. जेवणानंतर वारा पडला. बोट नुसती तरंगत होती. ही आत झोपली, मुलगी वाचत बसली. मला कोणी हाक मारत नव्हतं आणि कोणाला माझ्याकडून काही नको होतं. तेव्हा तू आठवलीस. भांडी आवरल्यापासून चारच्या चहापर्यंत मागच्या दारी माझं पुस्तक घेऊन बसायचीस. त्या वेळात घरातलं कोणी तुला काम सांगत नसे. मला वाटायचं, तो वेळ तू माझ्या अभ्यासाला देतेस. तो तुझाही होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.*

*बोट माझी का आहे, याचं उत्तर आता मला देता येईल. पण तुझ्याकडून एक हवं आहे. माझ्या बारशाच्या दिवशी तू आत घुगऱ्या करत होतीस, हे मला आईने सांगितलं आहे. माझ्यासाठी काही नाव तुझ्या मनात असणार. ते कोणतं होतं? कागदावर लिही आणि पाकिटात घालून पाठव. मी कोणाला सांगणार नाही.*

*तुझा भाचा*