बशीच्या काठावरचं पाखरू

नांदेडच्या घरी आज सकाळी खिडकीच्या काचेवर लांब शेपटांचं, माशीएवढं एक नाजूक पाखरू दिसलं, अन् मला मुखेडचं आमचं अंगण आठवलं.

शेजारच्या जुबेदाखालाचं बाळ एकच दिवस जगलं होतं, दूध तोंडात न घेताच गेलं. आई तिच्याकडं जेवण पाठवायची, पण खालाला घास जात नव्हता. एका सकाळी ती आमचा डबा परत द्यायला आली. रिकामा कसा द्यायचा म्हणून तिनं त्यात मूठभर साखर घातली होती. त्यातलीच चिमूटभर मी बशीतल्या पाण्यात कालवून लिंबाखाली ठेवली. एक फुलपाखरू आलं आणि गुंडाळलेली सोंड उलगडून पीत बसलं. आज दिसलं तसलंच एक लांब शेपटांचं पाखरू मात्र काठावर नुसतंच बसून राहिलं.

“हे पीत का न्हाई?” मी विचारलं.

“त्याला खायला तोंडच नसतं. एका दिवसाचा जीव तो,” कॉलेजात शिकणारा दादा म्हणाला.

खाला थबकली. “मग भूकबी लागत नसंल का रे त्याला?”

“न्हाई, खाला. बिलकुल न्हाई.”

दादा पाखराबद्दल बोलत होता. खाला कुणाबद्दल, ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की ती ओट्यावर टेकली अन् आईनं पुढं केलेला चहा तिनं घेतला.