शाल मिळाली, मतं अजून मागायची आहेत

परवाच्या पोस्टमध्ये मी चुकीचं लिहिलं होतं. आळे गावातल्या आपल्या वाचनालयाच्या संचालक मंडळावर मी 'निवडून' आलेले नाही. तुम्ही अभिनंदन केलंत आणि माझी झोप उडाली. मंडळाने बोलावून शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजल्या, पण एकाही सभासदाने मत दिलं नव्हतं.

शाळेआधी आईने घरीच अक्षरं शिकवली, तेव्हा ती सांगायची की खाऊसुद्धा विचारून घ्यावा. मी तर खुर्चीच घेतली होती.

म्हणून आज सकाळी अध्यक्ष सुमनकाकूंकडे राजीनामा द्यायला गेले.

"राजीनामा कशाचा गं? तुला निवडलं न्हाई, नेमलंय," भाकरी थापत त्या म्हणाल्या. "पाटीलभाऊ पुण्याला राहायला गेले, त्यांची जागा रिकामी व्हती. अशी मधेच जागा सुटली तर मंडळ सभासदांमधलं माणूस घेतं, पण वार्षिक सभेपर्यंतच. नियमातच हाय. सभेत मात्र सभासदांची मतं मागायची."

"आणि कुणी माझ्याविरुद्ध उभं राहिलं तर?"

"तर मतदान. मतपेटी तेवढी धुवावी लागंल. सगळ्यांना बिनविरोधाची लई सवय, म्हणून माझी कोंबडी तिच्यात बसती."

घरी येताना खूप हलकं वाटलं. मी कुणाचं काही हिसकावलेलं नाही. आता मतदानात हरले तरी चालेल.

सभा रविवारी आहे. सभासदांनो, तुमच्यापैकी कुणाला ही जागा हवी आहे का? असेल तर आधी तुम्ही नाव द्या. मी माझं शेवटच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी देणार आहे.