सोनेगावच्या विमानांचा महिन्याचा आकडा

ऑफिस मोठं असलं की किस्से सगळ्यांत वाटले जातात. लहान असलं की सगळे आपल्याच अंगावर येऊन पडतात! आमचं ऑफिस तीन माणसांचं. त्यामुळे माझ्याकडे इतके साठलेत, की एक सांगायला घेतला तर बाकीचे रुसून बसतात.

लढाई नुकतीच संपली होती. लष्कराने विकायला काढलेली डाकोटा विमानं घेऊन मुंबईच्या एका शेठजींनी कंपनी काढली आणि नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीशेजारी, टिनाच्या शेडमध्ये, स्टेशन उघडलं. पांढरीपांडे साहेब स्टेशन सुपरिंटेंडंट. सचिवालयातली पक्की नोकरी सोडून आलेले! मी ट्रॅफिक क्लार्क. तिसरा सुखदेव. वीस वर्षं सावनेरच्या कापूस बाजारात काटा धरलेला गडी. तो आमच्याकडे सामान तोलायचा आणि प्रवासीही. हसू नका, तेव्हा विमानात चढण्याआधी माणसंही तोलत.

महिना संपला की चढलेले आणि उतरलेले प्रवासी मिळून किती, तो आकडा मुंबईला कळवायचा. दोन महिने आकडा घसरला आणि हेड ऑफिसचं पत्र आलं. या महिन्यात मागच्यापेक्षा एक जरी प्रवासी कमी भरला, तर नागपूर स्टेशन बंद!

साहेबांनी पत्राची घडी केली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सचिवालयात माझ्या खुर्चीवर दुसरा बसून राहिला आहे. मले परतायची वाट नाही गा!"

त्या महिन्यात आमच्यापैकी कोणालाही धड जेवण गेलं नाही.

*

पहिल्याच आठवड्यात मुंबईहून इन्स्पेक्टर आले. नेमके त्याच दिवशी रामटेककडचे एक मालगुजार डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला निघालेले. आख्खं गाव पोचवायला हजर! दोन लॉऱ्या, बैलगाड्या, हार, डफडी. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

इन्स्पेक्टरांचा चेहरा खुलला. "पांढरीपांडे, एवढे प्रवासी! डाकोटात मावतील का?"

शिडी लागली. मालगुजार चढले, मागून त्यांचे दिवाणजी चढले आणि दार बंद झालं. खाली उरलेल्या गावाने एकदम गळा काढला.

इन्स्पेक्टर गर्दीकडे बघत राहिले. "आणि हे बाकीचे?"

साहेबांच्या कपाळावर घाम. पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणाले, "हे फक्त रडायला आलेत, सर!"

इन्स्पेक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते आम्हाला दाखवलं नाही.

*

सुखदेवची एक खोड होती. वजन झालं की बाजारातल्यासारखं खड्या आवाजात पुकारायचं. एका नामांकित वकिलांच्या पत्नी काट्यावर उभ्या राहिल्या आणि याने त्यांचं वजन मण-शेरांसकट असं पुकारलं, की धावपट्टीपलीकडच्या गाईंनी माना वर केल्या!

बाई तडक उतरल्या आणि जाऊन टांग्यात बसल्या. त्यांच्यामागे वकीलसाहेब, त्यांच्यामागे दोन मुलं. एका पुकाऱ्यात चार प्रवासी गेले!

साहेब रडवेले झाले. "अरे, हळू सांगत जा नं गा!"

"साहेब, हळू सांगितलं तर लोकाईले वाटते, वजनात काही गोम आहे!"

*

एका शेठजींनी दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं आणि एक त्यांच्या देवाचं. देव्हाऱ्यातली मूर्ती सामानात टाकायची नाही म्हणाले. शेजारच्या खुर्चीवर पाट, पाटावर मूर्ती, वर पट्टा! मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही प्रवासी दोन लिहिले. खुर्ची तर भरली होती!

तिसऱ्या दिवशी मुंबईची तार. "दुसऱ्या प्रवाशाचे नाव कळवा." साहेबांनी प्रामाणिकपणे कळवलं, बाळकृष्ण. पुन्हा तार. "वय कळवा."

साहेब डोकं धरून बसले. सुखदेव काट्यावरची धूळ पुसत होता. म्हणाला, "द्वापारापासूनचं लावा नं जी!"

शेवटी खरं काय ते कळवावं लागलं. आकड्यातून देव वजा झाला, वर ठपका आला तो वेगळाच.

*

आता जो किस्सा सांगतो, त्या वेळी मात्र हसू आलं नव्हतं.

आमचा पायलट म्हणजे हवाई दलातून आलेला एक तरुण कॅप्टन. एका दुपारी विमान धावपट्टीवर धावलं, धावलं आणि उठेचना! पट्टी संपायला आली. टोकाला चिंचेचं झाड. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा विमान झाडावर होतं. झाडावर म्हणजे शेंड्याच्या हातभर वर! पानं खाली गळत होती.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन परत आला तो थेट शेडमध्ये. म्हणाला, "विमान रोज जड लागतं आणि कागदावर हलकं असतं. माझ्यासमोर तोला."

सुखदेवने साहेबांनाच काट्यावर उभं केलं, वजनं लावली आणि आकडा सांगितला. कॅप्टनने स्वतः वजनं मोजली. सांगितलेल्यापेक्षा भरपूर जास्त!

"हे काय?" साहेब ओरडले.

सुखदेव शांत. "कडता कापला नं जी."

बाजारात कापूस तोलताना बारदान, ओल, कचरा यांच्यापोटी वजनातून काही शेर कमी धरतात, तो कडता. या पठ्ठ्याने पहिल्या दिवसापासून प्रत्येक माणसाचा कडता कापला होता!

"अरे, माणसाचा कसला कडता?"

"काहून? माणसात ओल नसते का?"

साहेब काट्यावरून उतरले आणि दारात जाऊन उभे राहिले. आजवर किती जीव त्या चिंचेवरून गेले, ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. माझ्या तर आलंच. रात्री ताटावर बसलो आणि तसाच उठलो.

*

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. हिशेब सरळ होता. दुपारचं मुंबईचं विमान पुरतं भरलं, तर आकडा मागच्या महिन्याबरोबर. एक खुर्ची रिकामी राहिली, की शेडला कुलूप.

सगळे आले. सगळे तोलले गेले, कडता न कापता. कॅप्टनने मान डोलावली. सगळे चढलेही. तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि इतवारीचे एक व्यापारी धाडधाड शिडी उतरून आले.

"मले नाही जमत जी! माझं तिकीट कोणालेही देऊन टाका. मी मेल गाडीनं जातो!"

साहेबांनी त्यांना विनवलं. ते टांग्यात बसूनही गेले. मग साहेब पोचवायला आलेल्या लोकांपुढे गेले. फुकट मुंबई, कोणीही चला! लोक एकेक पाऊल मागे. आम्ही कंपनीची माणसं, आम्ही चढून उपयोग नव्हता. आम्हाला आकड्यात धरत नसत. सचिवालयात ज्यांच्यापुढे लोक हात जोडत, ते साहेब अनोळखी लोकांपुढे हात जोडून उभे होते. मला ते बघवेना.

शेडच्या दारात काकू उभ्या होत्या, साहेबांच्या पत्नी. दुपारचा डबा घेऊन आलेल्या. रामटेकच्या पलीकडे कधी न गेलेल्या. त्यांनी ते सगळं पाहिलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"मी बसते."

"तू? वेडी झालीस का वं?" साहेब म्हणाले.

"दादरले भाऊ आहे नं माझा. त्याले तार करा."

वजन झालं. मी घाईघाईने कागद भरायला घेतला. नाव लिहिलं, वजन लिहिलं. पुढचा रकाना होता, अपघात झाल्यास कोणास कळवावे. रोज वीसदा विचारायचो मी हे, बडीशेप हवी का विचारावं तसं. त्या दिवशी तोंड उघडेना.

साहेबांनी माझ्या हातून टाक घेतला आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. एरवी मोत्यासारखं अक्षर. त्या दिवशीचं वाचता येत नव्हतं.

शिडीवरून काकू वळल्या. "डबा गार होऊन राहिला, जेवून घ्या!"

दार लागलं. विमान उठलं, चिंचेच्या चांगलं वरून गेलं. साहेब शेडमध्ये येऊन बसले. समोर डबा. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. डब्याला त्यांनी हात लावला नाही.

चारच्या सुमाराला मुंबईची तार आली. विमान सुखरूप पोचलं होतं. साहेबांनी ती दोनदा वाचली, उपरण्याने तोंड पुसलं आणि डबा उघडला. मी महिन्याचा कागद पुढे ओढला.

"साहेब, आकडा लिहू?"

"लिही," साहेब घास घेत म्हणाले. "अन् मुंबईले तार कर. तिचं परतीचं तिकीट उद्याचंच काढा म्हणा. उद्या एक तारीख आहे गा, नवा आकडा सुरू!"