पाय धुवायचं पाणी

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या दिवसांत बोईसरला एक लहान ठेकेदार भाड्याच्या चाळी बांधत होता आणि मी त्याच्याकडे नवखा ओव्हरसियर होतो. स्लॅबच्या दिवशी बायका अनवाणीच ओल्या काँक्रीटमध्ये उभ्या राहून घमेली रिकामी करत. त्यांत जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची एक कोळीण होती. एका दुपारी ती लंगडताना दिसली. तिच्या बोटांच्या बेचक्यांत सिमेंटने कातडी खाल्ली होती.

मला फार वाईट वाटलं. ठेकेदाराच्या मागे लागून मी रबरी बूट आणवले. ते पुरुषांच्या मापाचे निघाले. ते घालून ती फळ्यांच्या उतारावर चढली आणि दुसऱ्याच पावलाला घसरली. मागच्या बायकांनी धरलं म्हणून वाचली.

बूट काढून तिने माझ्या हातात दिले. "सायेब, बूट नको. पाय धुवाला पानी नाय इथं. मुकादम विहिरीवर सोडीत नाय."

इतके दिवस मी तिथेच उभा होतो, पण तिला काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी मिक्सरशेजारी पाण्याचं पिंप ठेवलं आणि पाय धुणाऱ्या बाईला हटकायचं नाही, असं मुकादमाला बजावलं. पुढे लहान मापाचे बूटही आले. तिने ते घातले, पण पिंप काही हलवू दिलं नाही.