एक नाव वगळून

यवतमाळच्या एका कॉलेजात, संगणकाच्या लॅबमध्ये मी कंत्राटी सहायक होते. लिनक्सची चाळीस मशीन होती, पण मुलांच्या, शिक्षकांच्या, सगळ्यांच्याच फायली एकाच जुनाट सर्व्हरवर, ज्याच्या त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये. त्याला आम्ही 'घर' म्हणायचो. सकाळी सगळे एकदम बसले की कुणाचंच घर लवकर उघडत नसे. घाटंजीहून पहिल्या एसटीनं आलेल्या पोरी पासवर्ड टाकून तोवर डबा खाऊन घ्यायच्या.

एकदा विभागप्रमुख सर भर वर्गात म्हणाले, "मशीन स्लो नाही ना बाप्पा, मशीनवाली स्लो आहे." पोरं फिदीफिदी हसली. माझं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशीच मनाशी म्हटलं, याची परतफेड होणार.

आठ दिवस शोधलं तेव्हा दोष ब्राउझरचा निघाला. तो सारख्या बारीकसारीक तात्पुरत्या फायली लिहितो आणि प्रत्येकीसाठी सर्व्हरपर्यंत हेलपाटा घालतो. घोटभर पाण्यासाठी दर वेळी विहिरीवर जावं, तसं. मी मशीनपाशीच माठ भरून ठेवला. म्हणजे त्या तात्पुरत्या फायली ज्या त्या मशीनच्याच डिस्कवर वळवल्या. पोरींचं डबे खाणं बंद झालं.

त्यासाठीच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या हुकुमांच्या यादीत, मी एक ओळ जास्तीची लिहिली होती. सगळ्यांच्या फायली वळवा, सरांचं नाव वगळून. मग रोज केबिनच्या काचेतून ते टेबलावर बोटं आपटताना दिसायचे. खोटं कशाला बोलू, मला चहा गोड लागायचा.

मार्चअखेर माझ्या मुदतवाढीचं पत्र सरांनी पाचच्या आत ऑफिसला मेल करायचं होतं. साडेचारला त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर चक्र फिरत होतं.

"काहून वो बाई, सगळ्यायचे मशीन पळून राह्यले, माह्यंच काहून अडकते? पाहा बरं, तुमचंच पत्र आहे यात."

माझ्या टेबलावर जाऊन ती ओळ खोडली असती, तर पत्र वेळेत गेलं असतं. पाय दाराकडे वळलेही. मग पोरांचं ते हसणं कानात वाजलं.

"मशीन स्लो नाही ना सर," मी म्हणाले, "मशीनवाला स्लो आहे."

त्यांचा चेहरा बघत मी पाच वाजेपर्यंत तिथंच उभी राहिले. एप्रिलपासून मी घरी आहे. ती ओळ मात्र अजून कामावर आहे.